वस्ताद पाहिजे

वर्तमानपत्र हातात पडल्यावर मी सर्वांत आधी काय वाचतो, असे कुणी विचारले, तर खरे उत्तर देताना मला थोडी लाज वाटते. मराठीच्या प्राध्यापकाने अग्रलेख वाचावा, निदान पुस्तकांची परीक्षणे तरी वाचावीत, अशी चारचौघांची अपेक्षा असते. मी मात्र छोट्या जाहिराती वाचतो. 'पाहिजेत' या एका शब्दाखाली माणसाच्या किती नाना गरजा एका रांगेत येऊन उभ्या राहतात! कुणाला दोन खोल्यांची जागा पाहिजे असते, कुणाला पोळ्या लाटणारी बाई, कुणाला अनुभवी शिंपी, तर कुणाला 'मनमिळाऊ' सून. या जाहिराती वाचताना मला नेहमी वाटत आले की, 'पाहिजे' म्हणणाऱ्याला आपल्याला नेमके काय पाहिजे हे पक्के ठाऊक असते. ही समजूत किती भाबडी होती, ते मला २०२५ च्या जुलै महिन्यात कळले. त्या महिन्यात एक जाहिरात अशी निघाली की, तिच्यावर आमच्या घरात, गल्लीत आणि कोपऱ्यावरच्या चहाच्या गाड्यापाशी रोज वाद झडू लागले. भारताच्या फुटबॉल संघाला वस्ताद पाहिजे होता.

'वस्ताद' हा शब्द अर्थात माझा. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने मागितला होता तो 'हेड कोच'. माझ्या आजोबांच्या बोलण्यात 'कोच' म्हणजे दिवाणखान्यात पाहुण्यांना बसायला ठेवलेली गादीची लांब खुर्ची. माणूस शिकवणारा कोच वेगळा आणि त्याची कुळकथा मोठी मौजेची आहे. हंगेरीत कोच नावाचे एक गाव आहे. तिथल्या सुतारांनी केलेल्या चांगल्या घोडागाड्यांना त्या गावाचे नाव पडले. पुढे इंग्रजी विद्यापीठातल्या पोरांनी, परीक्षेच्या पैलतीराला अलगद नेऊन सोडणाऱ्या खाजगी शिक्षकाला थट्टेने तेच नाव दिले, आणि तिथून ते खेळाच्या मैदानावर आले. म्हणजे कोच ही मुळात एक गाडी. उतारू आत बसतात, गाडी त्यांना मुक्कामाला नेते, आणि नेले नाही तर शिव्या गाडीला बसतात! आमचा 'वस्ताद' फारसीतल्या 'उस्तादा'पासून आला आणि तालमीच्या मातीत लोळून मराठी झाला. त्याला मात्र कुणी गाडी समजत नाही.

कोल्हापूरबाहेरच्या वाचकाला कदाचित असे वाटेल की, कुस्तीच्या या गावाला फुटबॉलचे एवढे काय पडले आहे? त्याने एकदा मोसमात शाहू स्टेडियमवर यावे. इथे फुटबॉलचे संघ तालमींच्या नावाने उतरतात. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम. नावे आखाड्याची आणि खेळ मात्र पायाचा. दोन पेठांमधला सामना असला, की त्या दिवशी दोन्हीकडच्या लग्नसंबंधांवर ताण पडतो. विश्वचषकाच्या वर्षी तर आमच्या गल्ल्यांतून ब्राझील आणि अर्जेंटिना यांची अशी काही वाटणी होते की, ते देश पंचगंगेच्या काठीच कुठेतरी असावेत असे वाटावे. याच गावचा अनिकेत जाधव २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, तेव्हा इथल्या प्रत्येक घराला आपलाच मुलगा खेळतो आहे असे वाटले होते. अशा गावात देशाच्या संघाची वस्तादाची गादी रिकामी पडलेली. मग गप्प कोण बसणार?

गादी रिकामी का पडली, ते थोडक्यात सांगतो. स्पेनचे मानोलो मार्केझ हे २०२४ च्या जुलैत भारताचे प्रशिक्षक झाले. एकाच वेळी ते एफ. सी. गोवा या क्लबाचेही प्रशिक्षक होते. क्लबाला त्यांनी करंडक मिळवून दिला, देशाला मात्र आठ सामन्यांत अवघा एक विजय. २०२५ च्या १० जूनला हाँगकाँगकडून हार झाली आणि जुलैच्या आरंभी महासंघाने व त्यांनी एकमेकांचा निरोप घेतला. २०२३ मध्ये जागतिक क्रमवारीत शंभराच्या आसपास असलेला भारत त्या जुलैत १३३ व्या क्रमांकावर जाऊन बसला होता. घर असे खचले, की माणसे पायाकडे पाहत नाहीत. आधी गवंडी बदलतात.

आमचे चिरंजीव तेव्हा बारावीत होते. त्यांचे चारपाच मित्र रोज संध्याकाळी आमच्या सोप्यात जमत आणि अभ्यासाच्या वह्या समोर उघड्या टाकून प्रशिक्षकांची छाननी करीत. जागेसाठी १७० अर्ज आले आहेत, ही बातमी त्यांनीच मला दिली. मी म्हणालो, "आमच्या कॉलेजात शिपायाच्या एका जागेला यापेक्षा जास्त येतात." त्यावर त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती विद्यार्थ्यांची नजर मी वर्गात रोज पाहतो.

मग एके दिवशी चिरंजीव जवळजवळ ओरडतच घरात शिरले. "बाबा, झावीचा अर्ज आलाय!" झावी म्हणजे बार्सिलोनाचा झावी. २०१० चा विश्वचषक जिंकणाऱ्या स्पेनच्या संघाचा प्राण. आमच्या सौ.नी स्वयंपाकघरातून विचारले, "कुठल्या झावळ्या आल्या?" पण त्या रात्री सोप्यात कुणी जेवायला उठेना. झावीला इथला उन्हाळा सोसेल का, त्याच्या पगारात किती मैदाने होतील, त्याला तांबडा रस्सा झेपेल का, इथवर चर्चा गेली. पाठोपाठ महासंघाचा खुलासा आला. झावीच्या नावाचा आणि त्याच्या जोडीला पेप गार्दिओलाच्या नावाचा असे दोन्ही अर्ज खरे नव्हते. एकोणीस वर्षांच्या कुणा विद्यार्थ्याने ती खोडी काढल्याचे छापून आले. पोरांचे चेहरे उतरले. मला हसू आले, आणि मग हसू आल्याबद्दल वाईटही वाटले. खोडी काढणाऱ्याने जगातली सर्वांत मोठी दोन नावे निवडली. आपल्याला माणूस नको असतो, नाव पाहिजे असते, हे त्या पोराने बरोबर ताडले होते.

शेवटी खरी नावे तीन उरली. इंग्लंडचे स्टीफन कॉन्स्टंटाइन, स्लोव्हाकियाचे स्टेफान तारकोविच आणि आपले खालिद जमील. आणि मग चहाच्या गाड्यापाशी तीन पक्ष झाले.

पहिला पक्ष आमच्या शेजारच्या निवृत्त बँक अधिकाऱ्यांचा. त्यांनी जन्मभर कर्जाचे अर्ज तपासले असल्यामुळे कागदावर त्यांची मोठी श्रद्धा. ते तारकोविच यांच्या बाजूचे. "युरोपच्या अजिंक्यपद स्पर्धेत देशाचा संघ उतरवलेला माणूस आहे. आशियात किरगिझस्तानचाही अनुभव आहे. तारण भक्कम आहे." एवढे बोलून ते चहाचा घोट घेत आणि म्हणत, "पण आपली पोरं त्याची भाषा कशी समजणार, हा प्रश्न आहे."

दुसरा पक्ष चहावाल्या मामांचा. त्यांना कॉन्स्टंटाइन हवे होते. "ओळखीचा मानूस बरा. दोनदा येऊन गेलाय. २०१९ च्या आशियाई करंडकाला आपल्याला घेऊन गेला, थायलंडला चार गोल हाणलं." आणि मग साखर ढवळता ढवळता, "पण दोनदा नांदून गेलेल्या जावयाला तिसऱ्यांदा मांडवात बसवायचं म्हंजे जरा..."

तिसरा पक्ष एका टेम्पोवाल्याचा. हा गृहस्थ काही वर्षे मुंबईत होता आणि कूपरेजवर त्याने सामने पाहिले होते. तो जमीलचा भक्त. जमील जन्माने कुवेतचे, पण खेळले ते महिंद्र युनायटेड, एअर इंडिया, मुंबई एफ. सी. अशा मुंबईच्या संघांकडून. पुढे त्याच मुंबई एफ. सी.चे ते सात वर्षे प्रशिक्षक होते. तिथून सुटल्यावर ते मिझोरामला ऐझॉल एफ. सी.कडे गेले. आदल्या मोसमात तळाला जाऊन बाहेर पडता पडता राहिलेला, पैशाचे बळ नसलेला तो डोंगरातला संघ. २०१७ च्या एप्रिलमध्ये त्याच ऐझॉलने मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांना मागे टाकून आय-लीग जिंकली. आणि त्याच मोसमात, जमील यांना सोडणारी मुंबई एफ. सी. तक्त्यात शेवटची आली! ही गोष्ट टेम्पोवाला इतक्या रंगून सांगे की, ऐकणाऱ्याचा चहा निवे. "त्यांनी मातीचं सोनं केलं बगा," तो म्हणे. आणि मग तोही थांबे. "पण काय हाय, परदेशी आनला की पोरं ऐकत्यात. आपला म्हटलं की म्हंत्यात, ह्यो कोन आमाला सांगनारा?"

मराठीच्या व्याकरणात 'पण' या शब्दाला 'न्यूनत्वबोधक उभयान्वयी अव्यय' असे भारदस्त नाव आहे. पहिल्या वाक्यात दिलेले दुसऱ्या वाक्यात काढून घेणारा हा शब्द. गेली वीस वर्षे मी तो फळ्यावर लिहीत आलो आहे. पण त्याचे खरे सामर्थ्य मला त्या चहाच्या गाड्यापाशी दिसले. तिन्ही पक्ष आपापल्या उमेदवाराची स्तुती करीत आणि शेवटी एका 'पण'ने त्याला पाडीत.

माझ्या लक्षात आणखी एक गोष्ट आली. परदेशी माणसाच्या पुढचा 'पण' परिस्थितीचा असे. भाषा, हवा, पगार. आपल्या माणसाच्या पुढचा 'पण' मात्र तो आपला असण्याचाच असे. आणि आपला माणूस या जागेवर बसून किती वर्षे झाली होती? गोव्याचे सावियो मदैरा २०१२ पर्यंत होते. त्यानंतर डच, इंग्रज, क्रोएशियन, स्पॅनिश अशी तेरा वर्षे गेली. त्याच्या फार आधी मात्र हैदराबादचे एक शाळामास्तर, सय्यद अब्दुल रहीम, देशाच्या संघाला शिकवीत होते. १९५१ आणि १९६२ च्या आशियाई खेळांतली दोन सुवर्णपदके आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमधला चौथा क्रमांक ही त्या मास्तरांची कमाई. जकार्ताच्या १९६२ च्या अंतिम सामन्यात डोक्याला टाके पडलेल्या जर्नेल सिंगला, मूळच्या बचावपटूला, त्यांनी पुढे खेळायला लावले, आणि दक्षिण कोरियाविरुद्धच्या दोन गोलांतला एक त्याने डोक्यानेच मारला. पुढच्याच वर्षी रहीम कर्करोगाने गेले. हे मी गाड्यापाशी सांगितले, तेव्हा बँक अधिकारी म्हणाले, "होय, पण तो काळ वेगळा होता." पुन्हा 'पण'!

चिरंजीवांच्या मंडळात हाच वाद इंग्लंडच्या क्लबांचे दाखले देऊन चाले. एक जण म्हणे, लिव्हरपूलने १९७४ मध्ये बिल शँकली गेल्यावर त्यांच्याच हाताखालच्या बॉब पेसलीला बसवले. त्या बिचाऱ्याला जागा नको होती, तरी त्याने तीन वेळा युरोपचा करंडक आणला. दुसरा लगेच म्हणे, मँचेस्टर युनायटेडमध्ये २०१३ ला फर्ग्युसननी स्वतः डेव्हिड मॉइस यांना निवडले, सहा वर्षांचा करार झाला, आणि दहा महिन्यांत त्यांना घरी पाठवले. दाखले दोन्ही खरे. मी मनाशी म्हणालो, माणूस निवडण्याच्या बाबतीत इतिहास हा फार सोयीचा साक्षीदार आहे. दोन्ही वकिलांना तो हवे ते सांगतो.

एका संध्याकाळी वाद फार चढला, तेव्हा चिरंजीव माझ्याकडे वळले. "बाबा, तुम्ही सांगा. तुम्ही निवड समितीवर असतात तर कुणाला घेतलं असतंत?"

मी चष्मा काढला, पुसला, आणि वर्गात बोलतो तसा गंभीरपणे म्हणालो, "जमील हे निःसंशय योग्य आहेत, पण..."

आणि मी तिथेच थांबलो. पुढचे वाक्य माझ्या तोंडून पूर्वी एकदा गेलेले होते.

ती गोष्ट २०२२ सालची. आमच्या पेठेतल्या एका तालमीच्या फुटबॉल संघाला आबा शिकवीत असत. वय पासष्टच्या पुढे. दिवसा वखारीत दिवाणजी, आणि पहाटे व संध्याकाळी मैदानावर. आठ-नऊ वर्षांच्या पोरांना ते अनवाणी चेंडू थांबवायला लावत. "बूट मागनं घाला. आधी चेंडू पायाला कळू दे," असे म्हणत. पोरगे दोन दिवस आले नाही, तर आबा त्याच्या दारात उभे. कुणाच्या घरी चूल पेटली नाही, हे त्यांना पोराच्या धावण्यावरून कळे. आमचे चिरंजीवही त्यांच्याच हाताखाली चेंडू थांबवायला शिकले. या सगळ्याचे आबांना मिळे काय? मोसमाच्या शेवटी एक नारळ, एक टॉवेल आणि टोपी.

त्या वर्षी संघ दोन स्पर्धांत लवकर बाहेर पडला. तालमीत सभा बोलावली गेली. काही तरुण कार्यकर्त्यांचे म्हणणे असे की, आता शास्त्रशुद्ध कोच पाहिजे, लायसन्सवाला पाहिजे. एका बाहेरगावच्या कोचशी बोलणे झालेलेही होते. विषय नाजूक, म्हणून कुणीतरी म्हणाले, "सर शिकलेले हायत. सरांचं मत घेऊ." मला मनातून बरे वाटले, हे कबूल केले पाहिजे. ज्याला चेंडूला कधी नीट लाथ मारता आली नाही, त्याचे मत फुटबॉलवर विचारले जात होते! मी उभा राहिलो आणि म्हणालो, "आबांच्याबद्दल आपणा सर्वांना आदर आहेच, पण काळ बदललेला आहे."

वाक्य व्याकरणशुद्ध होते. टाळ्याही पडल्या. आबा कोपऱ्यात सतरंजीवर बसले होते. ते उठले, खिशातून शिट्टी आणि चेंडूंच्या खोलीची किल्ली काढली, चिटणीसांच्या पुढ्यात ठेवली, आणि "येतो मंडळी" म्हणून पायऱ्या उतरून गेले. नवा कोच आला. माणूस वाईट नव्हता; त्याला विद्या होती. एका मोसमानंतर दुसरीकडे अधिक पैसे मिळाले, तो गेला. त्याचेही काही चुकले नाही. चुकले ते माझे, आणि ते मला तेव्हापासून ठाऊक होते. आबा रस्त्यात दिसले की, मी समोरच्या दुकानाच्या पाट्या वाचू लागे.

"पण काय, बाबा?" चिरंजीवांनी विचारले.

"काही नाही," मी म्हणालो. "जमीलच."

२०२५ च्या १ ऑगस्टला महासंघाने खालिद जमील यांचे नाव जाहीर केले. टेम्पोवाल्याने गाड्यावर सगळ्यांना चहा पाजला. ऑगस्टच्या अखेरीस ताजिकिस्तानात मध्य आशियाई देशांची स्पर्धा झाली. मोहन बागानने आपले खेळाडू त्या स्पर्धेसाठी सोडले नव्हते, तरी पहिल्याच सामन्यात भारताने यजमान ताजिकिस्तानला २-१ असे हरवले. पुढे इराणकडून तीन गोल खाल्ले, पण तिसऱ्या क्रमांकाच्या लढतीत बलाढ्य ओमानला पेनल्टींवर नमवले. बँक अधिकारी म्हणू लागले, "मी पहिल्यापासून म्हणत होतो, आपला माणूस तो आपला माणूस." त्यांच्या वाक्यात प्रथमच 'पण' नव्हता.

तो परत यायला फार दिवस लागले नाहीत. १४ ऑक्टोबरला मडगावच्या फातोर्डा मैदानावर सिंगापूरशी सामना होता. २०२७ च्या आशियाई करंडकाची आशा त्यावर टांगलेली. दिवाळी आठवड्यावर आली होती. घरात चकलीचा वास भरला होता, दारात गल्लीतली पोरे किल्ल्यासाठी माती कालवीत होती. सामना पाहायला आमच्या सोप्यात पंधरावीस माणसे. मी पाणी घेऊन बाहेर आलो, आणि पाहतो तर दाराजवळच्या स्टुलावर आबा बसलेले! चिरंजीवांनी त्यांना आणले होते. तेव्हाच मला कळले की, हे चिरंजीव गेली तीन वर्षे दर रविवारी सकाळी 'मित्राकडे' जात होते, ते गावाबाहेरच्या एका मोकळ्या प्लॉटवर. आबा तिथे लहान पोरांना शिकवीत होते.

चौदाव्या मिनिटाला छांगटेने लांबून असा काही गोल मारला की, आमच्या घराचे पत्रे हलले. मध्यंतराच्या तोंडावर सिंगापूरने बरोबरी केली. नंतर अठ्ठावन्नाव्या मिनिटाला त्याच खेळाडूने दुसरा गोल केला. शेवटची अर्धी घटका कुणी बोलले नाही. शिट्टी वाजली. २-१. आशियाई करंडकाचे दार बंद झाले. आणि मग एकदम सगळे बोलू लागले. "हाकला ह्याला!" "मी म्हणत होतो, परदेशी पाहिजे होता!" "क्लब चालवणं वेगळं, देश चालवणं वेगळं!" ऑगस्टमध्ये चहा पाजणारा टेम्पोवाला मान खाली घालून चपला शोधत होता.

आबा शांत बसले होते. कुणीतरी त्यांना डिवचले, "काय आबा, कोन पायजे आता?"

आबा थोडा वेळ बंद पडद्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "त्या वस्तादाच्या हातात पोरं आली तवा ती पंचवीस-तीस वर्सांची हुती. त्या वयात पायाला वळन लागत न्हाई. कोनी कुठं हुबं ऱ्हायचं, येवढंच सांगता येतं. वळन लागतंय आठव्या वर्सी. त्या वयात त्यांस्नी कोन भेटलं हुतं, त्ये इचारा की."

कुणी विचारले नाही. मंडळी पांगली. मी मात्र रात्री बराच वेळ जागा होतो. देशाच्या प्रशिक्षकाच्या एका जागेसाठी १७० अर्ज येतात. तीन नावांवर महिनाभर सारा देश भांडतो. आणि आठ वर्षांच्या पोराला अनवाणी चेंडू थांबवायला लावणाऱ्या माणसाच्या जागेची जाहिरात कुठल्याही 'पाहिजेत'मध्ये मी कधी वाचली नव्हती. ती जागा रिकामी पडली तरी कुणाला कळत नाही. आमच्या पेठेत तर ती मीच टाळ्यांच्या गजरात रिकामी केली होती.

पाडव्याच्या संध्याकाळी मी फराळाचा डबा घेऊन आबांकडे गेलो. दोन खोल्यांचे घर, दारात पणत्या, आत कपाटावर जुन्या संघाचा पिवळा पडलेला फोटो. आबांच्या घरच्यांनी पाटावर बसवले, लाडू पुढे केला. तो खाऊन झाल्यावर मी म्हणालो, "आबा, त्या बावीस सालच्या सभेत मी जे बोललो..."

आबांनी मला पुढे बोलू दिले नाही. "लायसन पायजेच की, सर. काळ बदललाय, ह्ये तुमी खोटं कुठं बोललासा? माझ्या हातात शास्त्र न्हवतंच." मग ते पणतीची वात सारखी करीत म्हणाले, "फकस्त त्या दिवशी तुमी माझ्याकडं बघून बोलला न्हाईसा. येवढंच."

वीस वर्षे मी मुलांना वाक्यरचना शिकवीत आलो. वाक्य कुणाकडे पाहून बोलायचे, हे कुठल्याच व्याकरणात मला सापडले नव्हते.

मी काय बोलणार? आबांनीच विषय बदलला. आतून त्यांनी एका विशीतल्या पोराला हाक मारली. दुधाचा रतीब घालणारे ते पोरगे प्लॉटवर आबांच्या मदतीला येते, असे कळले. आबा म्हणाले, "ह्याला त्या 'डी' लायसनच्या कोर्साला बसवायचाय. माझं झालं. आता ह्या बारक्यांस्नी शास्त्र शिकलेला कोनतरी पायजे. फॉर्म इंग्रजीत हाय. भरून देता का? फीचं बघतो मी."

"फीचं राहू दे माझ्याकडे," मी म्हणालो. आबांनी 'नको' म्हणायला तोंड उघडले, पण या वेळी मी त्यांच्याकडे पाहून बोललो होतो. ते गप्प राहिले.

मी पाटावर बसल्या बसल्या फॉर्म भरायला घेतला. नाव, जन्मतारीख, पत्ता. पोरगे दाराला टेकून उभे. बाहेर गल्लीत पोरांनी किल्ल्यावर मावळे मांडले होते आणि त्यांच्यात कुणी सरदार व्हायचे यावरून भांडण लागले होते. आबा माझ्या खांद्यावरून वाकून पाहत होते. इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हते, तरी ओळन् ओळ त्यांनी डोळ्यांखालून घातली, आणि म्हणाले,

"सर, अक्षर जरा ठळक काढा. लांबच्या मानसांनी वाचायचं हाय."